येळवशीला राखण

“मग मीबी थांबतो घरी. पांडवांना म्हणावं, यंदा तुमची पूजा तुम्हीच करून घ्या.”

रामलिंगअप्पांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली आणि ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. उमाबाईंच्या पुढ्यात परातभर तुरीच्या शेंगा होत्या. त्यांचे सोलणारे हात काही थांबले नाहीत.

“लेकरावानी करू नका. वरीसभर राबता त्या रानात आन् येळवशीलाच न्हाई जायचं? लोक शेण घालतील तोंडात.”

“घालू दे. दोन वर्षं घालायलेतच की. तुझ्या जागी सुपारी मांडून बसतो मी पूजेला. सुपारी! बायको चांगली ठणठणीत असताना सुपारी शेजारी घेऊन बसणारा आख्ख्या शिवारात मी एकटा. परवा तो मडिवाळप्पा विचारतो, वैनी आजारी हायेत का वो? काय सांगू त्याला? आजारी न्हाई, कुलपाला बांधलीया म्हणून सांगू?”

“सांगा. खोटं काय त्यात?”

नात सृष्टी दारात उभी राहून ऐकत होती. ती विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होती आणि येळवशीसाठी कालच नांदेडहून एसटीने उदगीरला आली होती. तिने मोबाइल आजीसमोर धरला.

“आज्जी, हे बघ, बातमी आलीय. आपल्या तालुक्यात घरफोड्या कमी झाल्यात गेल्या वर्षीपेक्षा. पोलिसांनी गस्त वाढवलीय.”

“किती कमी?”

“बऱ्याच.”

“मंजे होतात तर अजून.” उमाबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. “ज्याचं फुटतं त्याचं पुरतंच फुटतं बाई. चोर काय बातमी वाचून निम्मंच फोडतो का?”

सृष्टीने मोबाइल खाली घेतला. रामलिंगअप्पांना भिंतीकडे तोंड असूनही हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात दडपलं.

वेळ अमावस्येला उदगीरकडे येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अख्खं गाव कुलूप लावून रानात जातं. ज्याला शेत नाही तो शेत असलेल्याच्या रानात जेवतो. मोंढा बंद, शाळा बंद, भाजीच्या गाड्यासुद्धा बंद. रस्त्यावर कुत्रं दिसलं तर तेही कुणाच्या तरी टेम्पोमागे रानाकडे निघालेलं असतं. सणाचं सुख असं, की घरात कुणी उरत नाही. आणि चोरांनाही नेमकं तेच सुख होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या येळवशीला उमाबाई रानातून गाणी म्हणत घरी आल्या होत्या. दाराला कुलूप जसंच्या तसं होतं, फक्त कोयंडा कापलेला होता. शिल्पाचा, म्हणजे सुनेचा, लग्नातला सेट गेला, देवघरातली चांदीची समई गेली, कपाटातली रोकड गेली. ते सगळं पंचनाम्यात लिहून झालं. लिहिता येत नव्हतं ते उमाबाईंनी सांगितलं नाही. चोरांनी त्यांची लग्नातली ट्रंक उपडी केली होती. मुलाची, दयानंदची, बाळपणीची कुंची, टोपडी, पहिलं अंगडं, सगळं फरशीवर पडलं होतं आणि त्यावर बुटांचे ठसे होते. मसाल्याच्या डब्यात बोटं घातलेली. बायका सोनं कुठे लपवतात हे त्यांना पाठ होतं. तांदळाचा डबा त्यांनी चादरीवर ओतून बघितला होता, हळदीची बरणी चाळली होती.

उमाबाईंनी ते कपडे तीन वेळा धुतले, घरातले सगळे मसाले गटारात टाकले आणि त्या दिवसापासून घर रिकामं सोडलं नाही.

सुरुवातीला घरच्यांना वाटलं, महिनाभरात जाईल. ते गेलं नाही. कंधारला बहिणीच्या, सिंधूच्या, मुलाचं लग्न निघालं, उमाबाईंनी आहेर पाठवला. दवाखान्यात जायचं तर रामलिंगअप्पांना घरी बसवून जायच्या आणि रिक्षातून दोनदा फोन करायच्या. कुणाला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेल्या तरी त्यांची एक नजर मागच्या दाराकडे असे. व्हरांड्यात त्यांनी बारा नंबरच्या मोठ्या वहाणा कायमच्या ठेवल्या होत्या. त्या वहाणा घरातल्या कुणालाही होत नव्हत्या. “चोराला वाटू दे आत पैलवान हाय म्हणून,” असं त्यांचं म्हणणं. एकदा रामलिंगअप्पा घाईत त्याच घालून मोंढ्यात गेले, तर दिवसभर लोकांनी त्यांना पैलवान म्हटलं.

दयानंदने कॅमेरा बसवला. उमाबाईंनी तो नीट बघितला.

“हे चोराला धरतंय का?”

“धरत न्हाई अव्वा, दाखवतंय. मोबाइलवर.”

“मंजे घर कसं लुटलं ते आपण रानात बसून बघायचं. चांगलंय.”

गल्लीला मात्र हे बरं झालं. बाहेरगावी जाणारे लोक किल्ली उमाबाईंकडे ठेवू लागले. मग दूध घ्यायचं, मोटार चालू करायची, तुळशीला पाणी घालायचं, अशी कामंही किल्लीबरोबर येऊ लागली. गेल्या येळवशीला नऊ घरांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या आणि त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून दिवसभर एकट्या बसल्या होत्या. संध्याकाळी येताना प्रत्येक घराने त्यांना वाडगाभर भज्जी, म्हणजे येळवशीची मिसळभाजी, आणली. “उमाबाई हायेत म्हणून आपण बिनघोर,” असं सगळे म्हणायचे. त्यांच्या भीतीला गल्लीने धाडस असं नाव दिलं होतं आणि उमाबाईंनी ते दुरुस्त केलं नव्हतं. नऊ वाडग्यांतल्या भज्जीपैकी त्यांनी एका घासालाही हात लावला नाही. येळवशीची भज्जी रानात, कडब्याच्या कोपीसमोर, खोपटासमोर बसूनच खायची असते. घरी खाल्ली तर ती नुसती भाजी.

आणि आता रामलिंगअप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

शिल्पा स्वयंपाकघरातून आंबटचुका निवडता निवडता बाहेर आली. “आत्या, तुम्ही जा. मी थांबते.”

“तू कामून थांबशील? तुझं काय वय झालंय राखण करायचं?”

“मग शेजारचे गुरुबसप्पा मास्तर थांबायलेत यंदा. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रानात चालवत न्हाई त्यांना. गल्लीच्या किल्ल्या त्यांच्याकडं देऊ.”

“मास्तर? जेवले की खुर्चीतच घोरतेत मास्तर. शाळेत असताना वर्गात घोरायचे.”

“घोरला तर घोरला,” रामलिंगअप्पा भिंतीला म्हणाले. “घोरण्यानं तरी चोराला कळंल की आत माणूस हाय. बरं ते ऱ्हाऊ दे. तू न्हाई तर मी न्हाई. संपला इषय.”

उमाबाईंनी शेवटची शेंग सोलली. अप्पांच्या पाठीकडे बघितलं. सदऱ्याखाली खांद्याची हाडं गेल्या वर्षापेक्षा जास्त दिसत होती. गेल्या येळवशीला रानातून आल्यावर या माणसाने पूजेची सुपारी खिशातून काढून मुकाट्याने देव्हाऱ्यात ठेवली होती, ते त्यांना आठवलं.

“येते,” त्या म्हणाल्या. “पण चारच्या आत घरी. आन् कुलूप मी लावणार.”

रामलिंगअप्पांनी वळून न बघता हात लांब केला आणि खुंटीवरची टोपी घेतली.

येळवशीच्या सकाळी उमाबाई पाचलाच उठल्या. भज्जी चुलीवर रटरटत होती. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, सगळं टोपल्यांत भरून झालं. आदल्या दिवशी केलेलं आंबील चांगलं आंबलं होतं. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, मिरची. दाट, पांढरं, नाकात जाणारं. ते दोन भांड्यांत भरलं. एक तांब्याचं बिंदगं, ते रानात शिंपण्यासाठी. आणि एक स्टीलची कळशी, ती पिण्यासाठी.

आता राहिला प्रश्न बोरमाळेचा.

तीन वर्षांपूर्वी चोरांच्या हातून वाचलेला एवढाच दागिना. तो त्या दिवशी गळ्यात होता म्हणून राहिला. लाख भरलेले सोन्याचे सत्तावीस मणी, उमाबाईंच्या आईकडून आलेले. गेल्या दिवाळीला त्याचा दोरा जीर्ण होऊन तुटला. पटवेगाराकडे जाऊन पुन्हा ओवून आणायचे, तर बाजारात तासभर जाणार. तेवढा वेळ घर सोडणं झालं नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा धीर झाला नाही. म्हणून सुटे मणी एका धुवट फडक्यात बांधून ठेवलेले. घालता तर येत नाही. घरी ठेवायचे, तर चोर बरण्या चाळतात. पिशवीत घ्यावे, तर पिशव्या ओढून नेणारे गाड्यांवर फिरतात. लॉकर घ्यायचं दयानंद वर्षभर म्हणत होता, पण आज बँकेचे लोकही रानात.

सगळे आंघोळीला गेल्यावर उमाबाईंनी पुरचुंडीला आणखी एक गाठ मारली आणि ती हळूच कळशीत सोडली. बुडाशी टक् आवाज आला. आंबील पुन्हा सपाट, पांढरं झालं. चोर तांदळात हात घालील, हळदीत घालील. आंबट आंबिलात कुठला चोर हात घालतो? आणि कळशीतलं वाढणार त्या स्वतःच. त्यांना तीन वर्षांत पहिल्यांदा चोरापेक्षा आपण हुशार असल्यासारखं वाटलं.

मग कुलपं. पुढच्या दाराला दोन, मागच्याला एक, जिन्याला एक. प्रत्येक कुलूप त्यांनी तीनदा ओढून बघितलं. चौथ्यांदा ओढताना त्या जवळजवळ त्याला लोंबकळल्या.

“अव्वा, दार निघून येईल आता,” दयानंद छोट्या हत्तीच्या स्टिअरिंगवरून ओरडला. टेम्पोत टोपल्या, चटया, शिल्पा, सृष्टी आणि अप्पा बसून झाले होते. उमाबाई चढल्या, पुन्हा उतरल्या, मागचं दार बघून आल्या, गुरुबसप्पा मास्तरांना तीनदा सूचना दिल्या. मास्तर खुर्चीत पाय लांब करून, काठी मांडीवर घेऊन बसले होते.

“वैनी, मी अठ्ठावीस वर्षं पोरं सांभाळली. घरं तर कुटं पळत न्हाईत.”

या सगळ्या गडबडीत तांब्याचं बिंदगं व्हरांड्यातच राहिलं, हे रामलिंगअप्पांना कळलं रानात पोचल्यावर.

नळगीरच्या वाटेवरचं त्यांचं रान हिरवंगार होतं. एका अंगाला ज्वारी पोटऱ्यात आलेली, दुसऱ्या अंगाला घाट्यांनी लगडलेला हरभरा. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव चुना लावून बसले होते. उमाबाई रामलिंगअप्पांच्या शेजारी पूजेला बसल्या. अप्पांनी दोघांच्याही कपाळाला विभूती लावली आणि इकडेतिकडे बघत मोठ्या आवाजात म्हणाले, “ए मडिवाळप्पा! बग रे, आली का वैनी?” शेजारच्या रानातून मडिवाळप्पांनी आरोळी दिली. उमाबाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआड त्या हसत होत्या की डोळे पुसत होत्या, ते सृष्टीला कळलं नाही.

पूजा झाली. उमाबाईंनी लगेच सृष्टीला जवळ ओढलं. “दाव ते कॅमेऱ्याचं. दार दिसतंय का?”

दोघी कोपीमागे सावलीत मोबाइलवर वाकल्या. पडद्यावर दार होतं, कुलूप होतं, बारा नंबरच्या वहाणा होत्या. शेजारच्या व्हरांड्यात मास्तरांचे पाय दिसत होते. पाय हलत नव्हते.

“झोपलेत बग.”

“आज्जी, जरा थांब. बघ, अंगठा हलला.”

त्या अंगठ्याकडे बघत असताना रानाच्या चारी बाजूंनी आरोळ्या उठत होत्या. “ओलगे ओलगे सालम पोलगे!” आंबील शिंपणं चाललं होतं. उमाबाईंनी आरोळ्या ऐकल्या, त्या बऱ्या वाटल्या, आणि त्या पुन्हा अंगठ्याकडे वळल्या.

अर्ध्या तासाने रामलिंगअप्पा बांधावरून परत आले. घामाघूम, खूश. एका हातात लिंबाची डहाळी, खांद्यावर रिकामी कळशी. मागे दयानंद.

“बिंदगं इसरलं तर इसरलं, कळशीनं काम केलं. सगळं रान भिजवलं बग. एक कोपरा सोडला न्हाई. पण उमा, आंबिलात लसणाची पुरचुंडी कामून सोडली होतीस गं? डहाळीला सारखी अडकायली. गाठ सैल झाली होती, पयल्याच बांधाला फडकं सुटून वर आलं.” त्यांनी खिशातून पिळलेलं फडकं काढून उमाबाईंच्या हातात दिलं.

उमाबाईंनी फडकं उलगडलं. त्यात एक मणी शिवणीला अडकलेला होता.

 शिल्पाने तो मणी बघितला आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

“आत्या... बोरमाळ?”

“सगळी?” दयानंद म्हणाला.

“एक हाय की,” उमाबाई म्हणाल्या.

मग धावाधाव. दयानंद बूट घालूनच हरभऱ्यात शिरला. शिल्पा गुडघ्यांवर बसून सरी सरी हाताने चाचपू लागली. सृष्टी म्हणाली, धातू शोधायचं यंत्र भाड्याने मिळतं, नांदेडला चौकशी करते. दयानंद म्हणाला, लाख भरलेल्या एवढ्याशा मण्यावर ते वाजणार पण नाही. शिल्पा म्हणाली, तुम्ही आरोळ्या कमी मारल्या असत्या आणि खाली बघितलं असतं तर बरं झालं असतं. मडिवाळप्पांच्या घरचे चौघे आले. काय हरवलं ते त्यांना कुणी नीट सांगितलं नाही, तरी तेही शोधू लागले. तास गेला, दोन तास गेले. पाच मणी सापडले. एक ढेकळाखाली, दोन पाटाच्या कडेला, एक शिल्पाच्या साडीला चिकटलेला, एक कावळ्याने टोचून सोडलेला. कुणी जेवलं नव्हतं. भज्जीवर साय धरली.

रामलिंगअप्पा बांधावर बसले होते. त्यांचे हात कोपरापर्यंत काळ्या मातीने भरले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला एक डोळा लाल झाला होता. उमाबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

“चोरानं तेवढंच सोडलं होतं तुला,” अप्पा म्हणाले. “तुझ्या अव्वाचं. ते मी घालवलं. डहाळीनं उधळलं, आन् वर आरोळ्या मारून उधळलं.”

“चारी कोपरे?”

“चारी. नेमानं.”

उमाबाईंचे आधी खांदे हलू लागले. मग त्या हसू लागल्या. पोट धरून, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रामलिंगअप्पा घाबरून त्यांच्याकडे बघत राहिले. मग “अगं... अगं, लोक बगायलेत,” असं म्हणता म्हणता तेही हसू लागले.

तेवढ्यात सृष्टीचा फोन वाजला. गुरुबसप्पा मास्तर होते. तिने फोन आजीच्या कानाला लावला.

“वैनी, साडेचार वाजले. तुम्ही चारला येणार होता. काळजी करू नका, घर जाग्यावर हाय.”

“कुठलं घर?” उमाबाई म्हणाल्या.

“आं?” पलीकडून मास्तर म्हणाले. मग उमाबाईंच्याच ध्यानात आलं. पूजेनंतर बघितलेल्या त्या अंगठ्यानंतर त्यांना घर एकदाही आठवलं नव्हतं. त्यांनी “बरं बरं” म्हणून फोन सृष्टीला दिला आणि समोर बघितलं.

हरभरा तुडवला होता. घाटे लागलेली झाडं आडवी पडली होती, दयानंदच्या बुटांनी दोन सऱ्या चिखलासारख्या झाल्या होत्या, आणि सहा माणसं अजून पीक बाजूला सारत, मुळाशी बोटं घालत होती. मसाल्याच्या डब्यात घालावीत तशी. उमाबाईंच्या बापाने उभ्या पिकात कधी लेकरालासुद्धा पळू दिलं नव्हतं.

त्या उठल्या. पदर खोचला.

“वर या सगळे.”

“अव्वा, अजून इकडची बाजू ऱ्हायलीय—”

“वर या म्हणलं ना. दया, बूट काढ आधी. शिल्पा, ताटं मांड. मणी हायेत तिथं ऱ्हाऊ द्या. हरभरा निघाल्यावर सापडतील तेवढे सापडतील, न्हाई सापडले तर रानातच हायेत, कुणी नेले न्हाईत. तंवर पिकात कुणी पाय ठेवायचा न्हाई. आन् पुढच्या येळवशीपासनं घर राखायला आपल्यातलं कुणी थांबणार न्हाई. कुलूप लावायचं आन् निघायचं.”